शॉवरचं पाणी कोमटच का येतंय?

नमस्कार मंडळी. ठाण्यात थंडी ती काय असणार म्हणतात लोक, पण जानेवारीत पहाटे सहाला आंघोळीला उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आमच्याकडे घोडबंदर रोडला बाबांसाठी मुद्दाम थर्मोस्टॅटिक शॉवर बसवून घेतला, तो आकड्यांच्या नॉबवाला, 38 वर ठेवला की पाणी 38 अंशांचंच आलं पाहिजे, कारण साध्या मिक्सरमधून एकदा त्यांच्या खांद्यावर एकदम कढत पाणी आलं होतं. वर्षभर मस्त चालला आणि मग कोमट. 38 च्या पुढे जायला ते लाल बटण दाबावं लागतं, ते दाबून नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी कोमटच.

प्लंबर आला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला कार्ट्रिज (गरम-गार पाणी मिसळणारा आतला भाग) गेलंय, अख्खा सेट बदला. मी थांबलो, आणि तुम्हीही थांबा हे सांगायलाच आज आलोय.

बघा, हा शॉवर पाणी तापवत नाही, फक्त मिसळतो. आत मेणाची एक छोटी डबी असते, पाणी जास्त गरम झालं की मेण फुगतं, ते आतला दट्ट्या ढकलतं आणि गरम पाण्याची वाट अरुंद होते, गार झालं की उलटं. म्हणजे गरम पाणीच नीट पोचत नसेल तर तो बिचारा करणार काय? म्हणून आधी त्याच गिझरवरचा दुसरा नळ सोडून बघा, बादलीत कढत पाणी पडतंय का. तिथेच कोमट असेल तर गिझर बघा. आणि गिझर जर तो 3 लिटरचा, 3 किलोवॅटचा इन्स्टंट असेल तर त्याचा हिशोब साधा आहे, तो मिनिटाला साधारण 2 लिटर पाणीच 20 अंशांनी तापवू शकतो, मोठा शॉवर मिनिटाला 8-10 लिटर ओढतो, मग पाणी चार-पाच अंशच तापणार. तिथे कार्ट्रिज कितीही बदला, उपयोग नाही.

आमचा 25 लिटरचा आहे, बेसिनला वाफाळतं पाणी येत होतं. म्हणजे अडकलं होतं मधेच. गिझरचा स्विच बंद केला, दोन्ही अँगल कॉक (लाइनचं पाणी बंद करायचे छोटे नळ) बंद केले, भिंतीकडचे नट पान्याने सोडवले. नटाच्या आत एक बारीक जाळी असते, गार बाजूची बरी होती पण गरम बाजूची, अहो, साबुदाण्याएवढे पांढरे खडे चिकटलेले, अर्धी जाळी दिसतच नव्हती! आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी मिसळून येतं, त्यातले क्षार तापल्यावर गिझरमध्ये बसतात आणि सुटले की इथे येऊन अडकतात. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली, जुन्या टूथब्रशने घासली, सकाळी लख्ख.

टॉप फ्लोअरवाल्यांनी अजून एक बघा, प्रेशर पंप फक्त गारच्या लाइनला लावलाय का, कारण गार पाणी जोरात आणि गरम हळू आलं की असंच होतं. नवीन फिटिंग असेल तर गरमची लाइन समोरून बघताना डावीकडे आहे ना तेही तपासा, उलटी जोडली असेल तर शॉवर कधीच नीट चालणार नाही.

जाळी बसवल्यावर पाणी भरपूर गरम यायला लागलं, पण मी बाबांना लगेच उभं केलं नाही. नॉब 38 वर ठेवला, बादलीत थर्मामीटर धरला, 41 दाखवत होता. मग नॉबचं झाकण काढून स्क्रू सोडवला, नॉब बाहेर ओढला, आतला दांडा थोडा थोडा फिरवत बरोबर 38 वर आणला आणि नॉब 38 समोर ठेवूनच परत बसवला. दहा मिनिटांचं काम, पण घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर हे सोडू नका प्लीज.

नवीन कार्ट्रिज लागलंच नाही. आता दर तीन महिन्यांनी जाळी काढून बघतो, गेल्या रविवारी काढली तेव्हा पुन्हा चार-पाच खडे होतेच.