सिरपूर तलाव : आधी येव्याचं बोला

(इंदूरच्या मराठी रहिवाशांच्या बैठकीतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, 2022 साली आपल्या सिरपूर तलावाला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, तसाच हातोदजवळच्या यशवंत सागरलाही. जानेवारी 2025 मध्ये इंदूर आणि उदयपूर ही देशातली पहिली दोन रामसर शहरं, म्हणजे पाणथळी जपणारी म्हणून मान्यता मिळालेली शहरं ठरली. मला याचा मनापासून अभिमान आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होळकर राज्यात बांधलेला, भर पावसाळ्यातही जेमतेम दोन मीटर खोलीचा हा तलाव आज जगाच्या यादीत आहे. 2016 साली पद्मश्री मिळालेले आपले भालू मोंढे आणि त्यांचे सहकारी यांची कित्येक वर्षांची पायपीट त्यामागे आहे. ही माणसं ठाण मांडून बसली नसती, तर आज बोलायला तलावच उरला नसता.

पण आज मला बोलायचंय ते तलावात येणाऱ्या पाण्याबद्दल. पाटबंधारे खात्यातली माणसं त्याला ‘येवा’ म्हणतात.

कुठल्याही शहरातल्या तलाव सुशोभीकरणाचं एस्टिमेट उघडून बघा. दगडी पिचिंग म्हणजे काठावरचं दगडी अस्तर, पेव्हर ब्लॉक, रेलिंग, दिवे, कारंजं. या कामांची मापं घेता येतात, एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात नोंद होते, बिल निघतं. वरच्या कॉलनीतली ड्रेनेज लाइन, रस्त्याखालची तुंबलेली मोरी, भराव घालून बुजवलेला ओहोळ यांचा त्यात पत्ता नसतो, कारण ते ‘तलावाच्या हद्दीबाहेर’ असतात. आणि तलावाचं जगणं-मरणं तर तिथेच ठरतं.

पहिला जोराचा पाऊस पडला की धार रोडच्या बाजूने, वस्तीतून येणाऱ्या एखाद्या नाल्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहा. काळपट पाणी येतं, त्यावर साबणाचा फेस, फेसात अडकलेल्या दुधाच्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या. कचरा जाळीने अडवता येतो. सांडपाण्यात विरघळलेलं नत्र आणि स्फुरद जाळीत अडकत नाही. त्या खतावर जलपर्णी पोसते, जिला आपण इथे जलकुंभी म्हणतो. हवामान पोषक असलं की दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. मशीन लावून काढली, तरी नाला तोच असेल तर पुढच्या वर्षी तेवढीच उभी. उरलेली कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. शेवाळ माजलेल्या तलावात मासे बहुतेक पहाटेच का मरतात? रात्रभर प्राणवायू तयार होत नाही, खर्च मात्र चालूच राहतो. सकाळी काठावर पांढरी पोटं दिसली की लोक म्हणतात, कुणीतरी विष कालवलं. विष आपल्याच मोरीतून आलेलं असतं.

मग नाला अडवून सगळंच पाणी पाइपात घालून पुढे न्यावं का? आपल्या शहराने नाला टॅपिंगचं, म्हणजे नाल्यात पडणारं सांडपाणी अडवून गटाराच्या लाइनीत वळवण्याचं फार मोठं काम केलंय. 2021 साली सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठीचं ‘वॉटर प्लस’ प्रमाणपत्र मिळवणारं इंदूर हे देशातलं पहिलं शहर. पण तलावाच्या बाबतीत इथे जपून पावलं टाकावी लागतात. नाल्यातून सांडपाणी येतं, तसंच पावसाचं पाणीही येतं. नाला तोंडाशीच वळवला तर घाण थांबते आणि येवाही थांबतो. दोन मीटरच्या तलावाला ते सोसत नाही, मार्चमध्येच भेगा पडायला लागतील. म्हणून घराघराचं सांडपाणी गटाराच्या लाइनीत आणि पावसाचं पाणी उघड्या नाल्यात, ही फारकत वरच्या गल्लीतच व्हायला हवी. काम किचकट आहे, खोदाई पुन्हा करावी लागते, लोक वैतागतात. तरीही पैसा आधी इथेच घाला, असं मी ठामपणे सांगतो. शुद्ध केलेलं सांडपाणी तलावात सोडायचं असेल, तर नत्र-स्फुरद किती उतरलं हे आधी विचारा. पाणी नितळ दिसलं, एवढ्याने भागत नाही.

चंदननगरसारख्या काठच्या दाट वस्त्यांना यात गुन्हेगार ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. गटाराची लाइन दारापर्यंत पोचलीच नसेल, तर माणसाने पाणी सोडावं कुठे? शिवाय तलाव भरला की पाणी पहिल्यांदा सखल घरांत शिरतं. त्यांना पातळी कमी हवी, मासेमारी करणाऱ्याला बारमाही खोल पाणी हवं, पक्षी बघणाऱ्याला उथळ. तिघांनाही एका टेबलाशी बसवल्याशिवाय सांडव्याची उंची ठरवू नये.

आता काठाचं. शेकाट्या पक्षी कधी नीट पाहिलाय? काळी-पांढरी अंगलट, काडीसारखे लांब गुलाबी पाय. वीतभर पाण्यात एकेक पाऊल टाकत तो चिखलातले किडे टिपतो. त्याच्यामागे तुतारी पक्षी, पलीकडे चमच्या पक्षी चोच डावी-उजवीकडे फिरवत चाळत असतो. या सगळ्यांना हळूहळू उतरत जाणारा चिखलाचा काठ लागतो. तिथे उभं पिचिंग केलं की पाणी भिंतीलाच खोल होतं आणि हे पक्षी उठून जातात. कासवालाही वर चढता येत नाही. मातीची पाळ जिथे खचते, तिथे दगड हवाच, त्याला माझा विरोध नाही. पण सगळ्या काठाला दगडाची चौकट नको. 2017 च्या पाणथळ नियमांत दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम करायला मनाई आहे, घनकचरा टाकायला आणि अशुद्ध सांडपाणी सोडायलाही.

1918 साली स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी इंदूर दरबाराला नगररचनेचा अहवाल दिला. त्या काळात प्लेग होता. त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली आणि जाहीर केलं, की ती नेहमीच्या वाटेने जाणार नाही. जिथे लोकांनी घरं-गल्ल्या सर्वांत स्वच्छ केल्या असतील, तिथून जाईल. लोकांनी घरं झाडली, कचरा गाड्यांनी बाहेर नेला. शंभर वर्षांपूर्वीच्या या गावात, वस्तीला सोबत घेऊन काम करता येतं हे दिसलेलं आहे.

मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, द्यायच्या अर्जाचा मसुदा बाहेर टेबलावर ठेवलाय. मागणी एवढीच, की तलावाला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याचा नकाशा आणि त्यात कुठली लाइन येऊन पडते, हे कामाच्या टेंडरआधी जाहीर करावं. वाचा, पटलं तर सही करा. आपल्या गल्लीचं पाणी कुठे जातं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ते सहीशेजारी लिहा.