पहाटेचे ८५ अंश

(दृश्य : धुक्यातली मोसंबीची बाग. काठीला बांधलेली पांढरी डबी, वर तळहाताएवढं सौर पॅनल.)

डिसेंबर महिना. जालना जिल्ह्यातला घनसावंगी तालुका. पहाटेचे साडेचार वाजलेत, घोंगडीतून हात बाहेर काढवत नाही. आणि काकांच्या मोबाइलवर आकडा येतो, मातीचं तापमान ८५ अंश.

"माती उकळायली का काय रे?" काका पुतण्याला विचारतात.

पाच वाजता पुन्हा १९. साडेपाचला परत ८५. ऊन वर आलं की मग दिवसभर एकही चूक नाही.

बाग आंबे बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरीच्या फुलोऱ्यासाठी, ताणावर सोडलेली आहे. म्हणजे पाणी तोडलंय, झाडं मुद्दाम तहानलेली ठेवलीत. भारी काळ्या जमिनीत हा ताण दीड-दोन महिने चालतो. मधेच पाणी दिलं तर बहार बिघडतो, ताण फार लांबला तर झाड वाळतं. २०१२-१३च्या दुष्काळात या भागातल्या कितीतरी मोसंबीच्या बागा सरपणाला गेल्या. त्यामुळे मातीच्या आकड्याकडे इथं कुणी गंमत म्हणून बघत नाही.

(दृश्य : उघडलेली डबी, आत बॅटरी आणि सर्किट.)

या डबीतून मातीत गेलेला तापमानाचा सेन्सर आहे डीएस१८बी२०. वीज मिळून तो जागा झाला की मोजणी होण्याआधीच त्याच्याकडे एक आकडा तयार असतो, ८५. बनवणाऱ्यांनीच तसा ठेवलेला. खरी मोजणी पुरी व्हायला पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात व्होल्टेज क्षणभर जरी कोसळलं, तरी सेन्सर नव्यानं जागा होतो आणि तेच ८५ पुढे करतो. पडताळणीतही तो पकडला जात नाही, कारण वायरीतून आकडा शाबूतच आलेला असतो.

८५ आला की टाकून दे, असं प्रोग्रामला सांगता आलं असतं. पुतण्याला आधी तेच सुचलं होतं. पण तसं केलं असतं तर पुढचं काही कळलंच नसतं.

त्यानं बॅटरीच्या नोंदी काढल्या. व्होल्टेज सगळ्यात खाली जायचं ते पहाटे, आणि नेमकं त्याच वेळी डबीतला, आकडे पाठवणारा रेडिओ चालू झाला की आणखी घसरायचं. जूनमध्ये काठी रोवली ती झाडाच्या उत्तरेला, तेव्हा सूर्य डोक्यावर होता. डिसेंबरात तो भर दुपारीही दक्षिणेकडे कललेला, आकाशात जेमतेम अर्ध्यावर. पॅनल दिवसभर झाडाच्या सावलीत.

काठी दोन ओळींच्या मधे हलली. प्रोग्राममध्ये मोजणी आधी, रेडिओ नंतर. ८५ थांबले.

(दृश्य : भेगाळलेली काळी जमीन, अगदी जवळून.)

ओलाव्याचा घोळ जास्त अवघड निघाला, कारण तो आकडा दिसायला खराच वाटायचा. रोज थोडाथोडा उतरणारा ओलावा एका दुपारीत निम्म्यावर आला. काका पाणी सोडायच्या बेतात होते. पण खुरप्यानं वीतभर उकरलं, माती मुठीत दाबली, तर तिचा लाडू वळला!

ओलाव्याचा हा दुसरा सेन्सर थेट पाणी मोजतच नाही. विद्युत क्षेत्राला भोवतालची वस्तू किती दाद देते, त्यावरून तो ओलावा ठरवतो. ही दाद पाण्याची ८०च्या आसपास, कोरड्या मातीची ३ ते ५, हवेची १. आपली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की फाटते. भेग नेमकी सेन्सरच्या पात्याला लागून गेली होती. तो बिचारा भेगेतली हवा मोजत होता.

भेगेपासून हातभर लांब, तेवढ्याच खोलीवर नवा खड्डा घेतला. तिथलीच माती चाळली, पाण्यात कालवली, आणि त्या चिखलात पातं घट्ट बसवलं. कालवलेलं पाणी आजूबाजूला मुरेपर्यंत आकडा जास्तच येणार होता. तेवढे दिवस काकांनी वहीतला रकाना कोराच ठेवला.

(दृश्य : जानेवारी. झाडाखाली पिवळ्या पानांचा सडा, ठिबकमधून पडणारा पहिला थेंब.)

पहिलं पाणी सुटलं त्याच दिवशी मोबाइलवर तापमान आलं, उणे १२७. काकांनी चहाचा कप खाली ठेवला नाही.

"वायर तुटली बघ कुठंतरी. उंदीर असंल."

पुतण्या चिकटपट्टी घेऊन बागेकडे निघाला होता.