बाटलीवरची कवटी आणि पाठीवरचा पंप

(पडद्यावर : सकाळचं शेत. विहिरीच्या काठावर बादली, एक बाटली, पाठीवरचा पंप.)

यवतमाळ जिल्ह्यातली ऑगस्टमधली सकाळ. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेपर्यंत आलीय. विहिरीतून शेंदलेलं पाणी बादलीत पडतं, बाटलीचं झाकण निघतं आणि त्याच झाकणानं माप घेतलं जातं. वास आधी नाकात शिरतो, मग घशात उतरतो.

याला इथे औषध म्हणतात. औषध मारायचं आहे, औषध आणायला कृषी केंद्रावर गेलो होतो, यंदा औषधाचा भाव वाढला. पिकाचं दुखणं बरं करतं ते औषध, एवढा सरळ विचार त्यामागे आहे. पण त्याच बाटलीवर एक चित्र छापलेलं आहे आणि ते सांगतंय की हे विष आहे. आजची गोष्ट त्या चित्राची.

(जवळून : बाटलीवरचं लेबल.)

बाटली जरा फिरवा. एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन दिसतो, पतंगासारखा. मधोमध आडवी रेघ, म्हणून त्याचे दोन त्रिकोण झालेत. खालचा त्रिकोण रंगीत, वरच्यात इशारा. १९७१च्या कीटकनाशक नियमांनी हे चिन्ह ठरवून दिलं. रंग चार : लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा जास्त विषारी, निळा मध्यम, हिरवा त्या मानानं कमी.

हे ठरतं कसं, तेही ऐका. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना ते रसायन पोटातून देतात आणि किती मात्रेला निम्मे प्राणी मरतात ते पाहतात. शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच निम्मे दगावले, तर लाल. ५१ ते ५०० मिलिग्रॅम असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० पर्यंत निळा, त्याच्याही पुढे गेलं की हिरवा. ५० मिलिग्रॅम म्हणजे किती? चिमूटभर मीठ त्याहून जास्त भरतं.

म्हणजे चिन्ह विचार करून केलेलं आहे. त्यामागे मोजमाप आहे, कायदा आहे. तरीही ते ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोचत नाही. का, ते आम्हाला बांधावरच कळलं.

(पडद्यावर : एक वयस्क शेतकरी, हातात बाटली.)

आम्ही विचारलं, "काका, हा हिरवा त्रिकोण कशाचा?"

काकांनी बाटली डोळ्यांजवळ धरली. "हिरवा हाये ना, मंग पिकासाठीच असंन."

या उत्तराला हसण्याजोगं काही नाही. काकांनी चिन्ह अगदी बरोबर वाचलं, फक्त दुसऱ्या पुस्तकातलं. सिग्नलचा हिरवा म्हणजे जा. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. हिरवं शिवार म्हणजे बरं साल. आयुष्यभर ज्या रंगानं 'चालेल' असंच सांगितलं, तो या एका बाटलीवर 'जपून' म्हणतोय, हे माणसाला कुणीतरी सांगायला नको का? हिरव्या त्रिकोणाचा अर्थ 'कमी विषारी' एवढाच आहे. बिनविषारी असा रंग या चौकोनात नाहीच.

कवटीचं तसं होत नाही. गावातल्या विजेच्या डीपीवर लाल रंगात कवटी आणि खाली दोन हाडं असतात. शाळेत न गेलेली आजीसुद्धा नातवाला त्या खांबापासून ओढून आणते. तिला अक्षर लागत नाही, रंगही लागत नाही. पण बाटल्यांवर ही कवटी फक्त लाल वर्गाला मिळालीय. पिवळ्या वर्गाच्या वाट्याला नुसता 'विष' हा शब्द आला, निळ्या-हिरव्याला धोक्याचे आणि सावधगिरीचे शब्द. चौकोनाचा आकार चारही ठिकाणी तोच. ज्याला वाचता येत नाही, ज्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, त्यानं काय करायचं?

आणि असं करता येतं, हे आपल्याच देशात दिसलंय. खाण्याच्या पाकिटावर शाकाहारी पदार्थाला हिरवा गोल आणि मांसाहारीला तपकिरी गोल असायचा. ज्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत, त्यांना दोन्ही गोल सारखेच दिसत. २०२०च्या लेबलिंगच्या नियमांत मांसाहारी पदार्थाचं चिन्ह बदललं आणि गोलाच्या जागी त्रिकोण आला. आता रंग पुसट छापला तरी आकार बोलतो. ताटात काय पडतंय याची एवढी काळजी घेतली, फार चांगलं केलं. फवारणाऱ्याच्या फुप्फुसात काय जातंय, याच्यासाठीही तेवढीच काळजी मला हवी आहे.

(पडद्यावर : डोक्यापर्यंत वाढलेली पऱ्हाटी. फवाऱ्याचे तुषार. संगीत नाही.)

२०१७ साली याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती, म्हणजे नोझल थेट तोंडासमोर येत होतं. हवा दमट, अंगात घाम, सदरा भिजून पाठीला चिकटलेला. विष तोंडावाटेच जातं असं नाही. श्वासातून जातं, कातडीतूनही जातं, आणि ओला कपडा ते दिवसभर अंगाला लावून ठेवतो. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं अळीच्या ज्या चेतासंस्थेवर घाव घालतात, तशीच चेतासंस्था आपल्यालाही आहे. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, मग श्वास अडकतो.

आता पंपाकडे बघा. एका बाटलीतून दोन झाकणं, दुसरीतून एक, वर पिकाचं टॉनिक. तिन्ही एकत्र ढवळून पंपात. तिन्ही बाटल्यांवर आपापला चौकोन होता. पंपावर कोणता आहे? एकही नाही. सोळा लिटर विष पाठीवर घेऊन जो मजूर पिकाच्या तासात शिरतो, तो बहुतेक वेळा बाटली विकत घेणारा नसतो. त्यानं ती फोडलेली नसते, पाहिलेलीही नसते. घरी उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलं, की चिन्ह तिथेच संपलं. माहितीपत्रक डब्यात असतं, आपल्या भाषेतही असतं, पण बारीक अक्षरांत, घडीवर घडी घातलेलं. आम्ही उलगडलं तेव्हा ते वाऱ्यानं हातातून सुटून तुरीत जाऊन पडलं.

बाईचा उल्लेख राहून जातो, म्हणून थांबून सांगते. पाणी आणणारी, बादलीत काडीनं ढवळणारी आणि संध्याकाळी तो सदरा हातानं धुणारी घरची बाई असते. पत्रकावरचं हातमोज्यांचं चित्र फवारणाऱ्याला उद्देशून आहे. धुणारीला उद्देशून मला एकही चित्र सापडलं नाही.

विषबाधा झालेला माणूस दवाखान्यात पोचतो, तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "काय फवारलं?" ऑर्गॅनोफॉस्फरस असेल तर अ‍ॅट्रोपिन देतात. दुसऱ्या गटाचं असेल तर उपचार बदलतात, आणि पॅराक्वाटसारख्या तणनाशकावर तर उताराच नाही. अशा वेळी नातेवाईक म्हणतात, "कपाशीचं औषध होतं, पांढरं होतं." बाटली बांधावरच राहिलेली असते.

(पडद्यावर : संध्याकाळ. ओसरीवर एक तरुण शेतकरी, हातात मोबाइल.)

या घरातला मुलगा आता पंप भरण्याआधी प्रत्येक बाटलीचा फोटो काढतो. आधी चौकोनाचा, मग नावाचा, मग जिथे विषावरचा उतारा लिहिलेला असतो त्या ओळींचा. बायकोच्या मोबाइलवर पाठवतो आणि मगच शेतात जातो. "मले कायी झालं, तं हे दाखवजो," एवढंच तिला सांगून ठेवलंय.

त्यानं आम्हाला मोबाइल दाखवला. सोयाबीनचे फोटो, मुलीचा शाळेच्या गणवेशातला पहिला दिवस, त्याच्या शेजारी लाल त्रिकोण आणि कवटी. मुलगी मांडीवर येऊन बसली. कवटीवर बोट ठेवून म्हणाली, "हे डीपीवरचं हाये."