तारा आहे, आकडा नाही

हे बघा, हे माझ्या तळहातावर जे आहे ना, ते पुण्यात जुन्या बाजारात मिळालं. परदेशी नाण्यांची एक पिशवी होती, त्यात हात घातला आणि हे लागलं. काकांना विचारलं कुठलंय, ते म्हणाले चीनचं असेल नाहीतर जपानचं, घे दहा रुपयाला. घेतलं.

एका बाजूला तारा, दुसऱ्या बाजूला चार अक्षरं, आणि त्यांच्याखाली एक पुसट ओळ. आकडा मात्र एकही नाही. अक्षरं जपानी वाटली, पण जपानच्या नाण्यावर किंमत असते, त्यांच्या राजवटीच्या हिशेबातलं साल असतं, आणि देशाचं नाव तीन चित्राक्षरांत असतं. इथे तिन्ही गायब, म्हणजे हा पैसा नाही.

तरी मोजून बघितलं. व्हर्नियरवर बरोबर 25 मिलिमीटर. जपानची रोजची नाणी सहा, त्यात 10 येनचं 23.5 मिलिमीटर, 500 येनचं 26.5, बाकीची सगळी त्याहून लहान, पंचविसात बसणारं एकही नाही. आणि गंमत बघा, पंचविसात बसणारं नाणं सापडलं ते माझ्याच डब्यात, आपला 1992 पासूनचा मोठा स्टीलचा रुपया! वर ठेवला तर कडेला कड लागली. फक्त रुपया लोहचुंबकाला टक्कन चिकटतो, हे काही चिकटलं नाही.

आता अक्षरं. ही लिपी काताकाना, परदेशी शब्द लिहायला वापरतात ती. आणि ही शिकायला आपल्याला सोपी का जाते माहितीये? कारण तिचा तक्ता लावलाय तो संस्कृत वर्णमालेच्या धर्तीवर, बौद्ध भिक्खूंबरोबर तिकडे गेलेल्या अभ्यासातून. आधी अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला, बालवाडीत घोकलेला क्रम इतक्या लांब जाऊन बसलाय!

तर पहिलं अक्षर, दोन तिरक्या रेषा आणि उजवीकडे वर बारीकसा गोल. तो गोल असला की 'ह' चा 'प' होतो. म्हणजे 'पा'. मग आडवी रेघ, म्हणजे स्वर लांबवा. मग 'रा', आणि परत रेघ. पाऽराऽ. पार्लर!

आणि तिकडच्या अशा चकतीवर पार्लर म्हटलं की ब्यूटी पार्लर नाही हं, पाचिंको पार्लर. पाचिंको म्हणजे उभं मशीन, खिळ्यांमधून 11 मिलिमीटरच्या स्टीलच्या गोळ्या खडखडत खाली येतात. त्याच हॉलमध्ये दुसरी रांग असते पाचिस्लोची, पाचिंको आणि स्लॉट मिळून झालेला शब्द. तिथे तीन चाकं फिरतात आणि प्रत्येक चाक आपणच बटण दाबून थांबवायचं. त्यात गोळ्या नाहीत, टोकन टाकायची, तिकडे त्याला मेदारू म्हणतात, मेडल. नेहमीचं माप 25 मिलिमीटर, जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांच्या पद्धतीच्या मशीनचं 30. म्हणून मी सांगतो, आधी मोजा, मग बाकी सगळं.

बरीच वर्षं हिशेब असा होता की 1000 येन दिले की 50 टोकन, म्हणजे एक 20 येनला. पण ती विकत मिळत नाहीत, खेळायला भाड्याने मिळतात, खेळून झालं की परत करायची, बाहेर न्यायची नाहीत. जिंकलेली टोकन काउंटरवर मोजून घेतात आणि बक्षीस देतात, कारण तिथल्या कायद्याने हॉलला रोख पैसे देता येत नाहीत. मग ते बक्षीस घेऊन माणूस जवळच्या वेगळ्या खिडकीवर जातो आणि तिथे पैसे मिळतात. टोकियोत तर त्या बक्षिसाच्या प्लास्टिकच्या डबीत खऱ्या सोन्याचा छोटा तुकडा असतो.

म्हणून टोकनवर हॉलचं नाव किंवा खूण ठोकलेली असते, एका हॉलचं दुसऱ्यात चालू नये म्हणून. व्हिडिओ गेमवाल्या गेम सेंटरचीही टोकन असतात, पण त्यांचं बक्षीससुद्धा मिळत नाही, फक्त खेळत राहायचं.

मग बाहेर न्यायचीच नाहीत तर ही जगभर फिरतात कशी? हॉलमधली मशीन काही वर्षांत बदलतात, जुनी अमेरिकेत घरगुती खेळणं म्हणून विकली गेली आणि त्यांच्याबरोबर टोकनांच्या पिशव्याही गेल्या. तिथून कुठे कुठे पोचतील याचा नेम नाही.

पुढच्या रविवारी मी काकांना मोबाईलवर ती चार अक्षरं मोठी करून दाखवली. खालच्या पुसट ओळीवर टॉर्च तिरका धरला, तर पहिलं अक्षर वर आलं, 'मा'. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पिशवी सतरंजीवर उपडी केली, आणि एकेक नाणं माझ्या रुपयावर ठेवून बघायला लागले. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हणाले, थांब जरा, पार्लर शोधतोय.