गाळली एकाने, भरली दुसऱ्याने

(पडद्यावर: लाकडी टेबल, तीन ग्लास, मागे पांढरी भिंत.)

तिन्ही ग्लासांत एकाच भट्टीची व्हिस्की आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आयला बेटावरची कल ईला. पहिल्या ग्लासातली सुकलेल्या गवतासारखी फिकट, दुसऱ्यातली मधाच्या रंगाची, तिसरी थेट कोऱ्या चहासारखी. रंग वरून घातलेला नाही. ज्या पिंपात ती वर्षानुवर्षं पडून होती, त्या लाकडाचा तो रंग.

या बाटल्या कल ईलाच्या मालकांनी भरलेल्या नाहीत. गाळली एकाने, मुरवली आणि भरली दुसऱ्याने, आणि लेबलवर दुसऱ्याचंच नाव मोठ्या अक्षरात. अशांना तिकडे इंडिपेंडंट बॉटलर म्हणतात.

आणि हो, बेटाचं नाव. स्पेलिंग पाहून बरेच जण 'आयस्ले' म्हणतात. तिथली माणसं म्हणतात 'आयला'. मराठी माणसाला हा उच्चार दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही.

(पडद्यावर: एल्गिन गाव, साउथ स्ट्रीट, दुकानाची पाटी.)

या धंद्यातलं एक फार मोठं नाव, गॉर्डन अँड मॅकफेल, भट्टीत नाही, दुकानात जन्मलं. 1895 साली जेम्स गॉर्डन आणि जॉन अलेक्झांडर मॅकफेल यांनी स्कॉटलंडमधल्या एल्गिनमध्ये दुकान काढलं. वाणसामान, चहा, वाइन आणि व्हिस्की. त्याच वर्षी जॉन अर्कर्ट नावाचा पोरगा तिथे उमेदवारीला लागला. पुढे दुकान त्याच्याच घराण्याकडे आलं, ते आजतागायत.

एल्गिनच्या आसपास, स्पे नदीच्या खोऱ्यात, भट्ट्याच भट्ट्या. दुकानातून रिकामी पिंपं भट्टीवर जायची, ताजी स्पिरिट भरून परत यायची आणि गोदामात पडून राहायची. त्या काळात भट्टीवाल्यांचा बहुतेक माल ब्लेंड करणाऱ्यांकडे जाई. आपलीच व्हिस्की आपल्याच नावाने, दुसऱ्या कशात न मिसळता विकावी, याची त्यांना फारशी निकड नव्हती. वाण्याला ती होती.

3 फेब्रुवारी 1940. युद्धाचा पहिला हिवाळा. जॉन अर्कर्ट आणि त्यांचा मुलगा जॉर्ज यांनी ग्लेनलिव्हेट भट्टीच्या स्पिरिटचं एक पिंप भरून घेतलं. ते 80 वर्षं तसंच राहिलं. फेब्रुवारी 2020 मध्ये ते रिकामं केलं तेव्हा 250 डिकँटर भरले, आणि ताकद, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, निघाली 44.9 टक्के. ही 40 च्या खाली गेली असती, तर कायद्याने तिला स्कॉच म्हणता आलं नसतं. बापलेकांपैकी कोणीही तोवर उरलं नव्हतं. स्वतःच्या तोंडी लागणार नाही असा माल भरून ठेवायचा, याला व्यापार म्हणावं की आमराई लावणं, ते तुम्हीच ठरवा.

याहून जुनं नाव कॅडनहेड, 1842 पासूनचं, मूळचं ॲबरडीनचं. आता ते कॅम्पबेलटाउनला, स्प्रिंगबँक भट्टीच्या मालकांकडे आहे.

(पडद्यावर: लीथ, एडिंबरा. दगडी इमारत.)

तिसरी तऱ्हा मित्रमंडळींची. 1970 च्या दशकाच्या अखेरीस पिप हिल्स या एडिंबराच्या गृहस्थांनी ग्लेनफारक्लास भट्टीचं एक पिंप विकत घेतलं, जुन्या लॅगोंडा गाडीत घालून घरी आणलं आणि वर्गणी काढलेल्या मित्रांत वाटलं. त्यातूनच 1983 मध्ये स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी उभी राहिली. भट्टीचं नाव लेबलवर छापायचं नाही म्हणून त्यांनी नुसते आकडे वापरले. ग्लेनफारक्लास 1, कल ईला 53. त्यापुढे टिंब आणि पिंपाचा क्रमांक. सभासदांना हे पाढे तोंडपाठ.

(पडद्यावर: समुद्राकाठची भट्टी. काचेच्या मोठ्या खिडक्या, आत तांब्याची भांडी. समोर जुरा बेटाचे डोंगर.)

कल ईला. गेलिक भाषेत आयलाची सामुद्रधुनी. भट्टी 1846 सालची, 1970 च्या दशकात जवळजवळ नव्याने बांधलेली. आयलावरच्या भट्ट्यांत आकाराने सर्वांत मोठी, तरी तिचं नाव कित्येकांनी ऐकलेलं नसतं, कारण तिचा बराचसा माल जॉनी वॉकरच्या ब्लेंडमध्ये जातो. मालकांनी स्वतःच्या बाटल्या नियमितपणे बाजारात आणल्या त्या 2002 पासून. त्याआधी कल ईला चाखायची, तर बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी लेबलखालीच.

माल्ट म्हणजे काय, ते आपल्या घरात समजावून सांगायला नको. नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतात ना? तेच इथे बार्लीचं. फक्त वाळवताना खाली पीट, म्हणजे दलदलीतली कुजून घट्ट झालेली माती, पेटवतात. तिचा धूर दाण्यात शिरतो तो शिरतोच.

(पडद्यावर: पहिल्या बाटलीचं लेबल, जवळून.)

आता लेबल वाचू. गाळल्याची तारीख, भरल्याची तारीख: मधे 12 वर्षं. पिंपाचा प्रकार हॉग्जहेड, म्हणजे सुमारे 250 लिटर. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण 2 टक्के माल हवेत उडतो. 12 वर्षांनी उरतात 195 लिटरच्या आसपास. 700 मिलीच्या बाटल्या केल्या तर जेमतेम 280. लेबलवर बाटल्यांची संख्या अशीच काहीतरी दिसली, तर हिशेब जुळला. गोव्यात पॉल जॉनची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीची नुसत्या माल्टची व्हिस्की, मुरते तिथे हीच घट वर्षाला 8 टक्क्यांच्या आसपास आहे. कोकणच्या उन्हात 12 वर्षं थांबण्याची चैन कोण करणार?

ताकद 57 टक्के. पाणी घालून उतरवलेली नाही. थंड करून गाळणीतून काढलेलीही नाही, त्यामुळे पाणी टाकलं की ती किंचित गढुळते. तो दोष नव्हे. त्यातली तेलकट द्रव्यं शाबूत आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

(पडद्यावर: ग्लास नाकाशी.)

नाक ग्लासात खुपसू नका, 57 टक्के आहे. तोंड थोडं उघडं ठेवा आणि ग्लास हनुवटीपासून वर आणा.

पहिला ग्लास. हे पिंप आधी दोनतीनदा वापरलेलं, लाकडाचं देणं जवळपास संपलेलं. म्हणून भट्टीच बोलते. लिंबाची साल, ओला दगड, आयोडिन. तोंडात घेतली की तेलकट, खारट, आणि मागून चुलीवर भाजलेल्या वांग्याचा धूर. आता चमचाभर पाणी. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर हेच तपासलं. धुराच्या वासाचा ग्वायकॉल नावाचा रेणू ताकद जास्त असली की खोल द्रवात राहतो, पातळ केली की पृष्ठभागाकडे येतो. नाकाला तेच कळतं: धूर वर आला.

तिसरा ग्लास आधी घेऊ. शेरी या स्पॅनिश वाइनचं पिंप. काळे मनुके, सुकं अंजीर, लवंग. लोक यासाठी जास्त पैसे मोजतात. मला विचाराल तर इथे लाकडाने भट्टीचा आवाज दाबला आहे. डोळे मिटून दिली, तर ही कल ईला आहे हे मी शपथेवर सांगणार नाही. शेरीच्या एका बाटलीने तर मला चांगलंच फसवलं होतं, उघडताच जळक्या रबराचा वास. एकाच पिंपाची व्हिस्की घेण्यात हा जुगार असतोच. मोठा ब्रँड शेकडो पिंपं एकत्र करून असे खाचखळगे बुजवतो. इथे बुजवायला दुसरं पिंपच नाही.

आणि दुसरा. अमेरिकन ओकचं पिंप, आधी त्यात बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की होती. या लाकडातली लॅक्टोन नावाची द्रव्यं खोबऱ्याचा वास देतात. वर पीटचा धूर. मी बराच वेळ चाचपडत होतो, मग सापडलं: होळीतून काढलेला नारळ. करवंटी काळी पडलेली, आतलं खोबरं गोड आणि धुरकट.

(पडद्यावर: गोदाम. पिंपांच्या रांगा.)

2023 मध्ये गॉर्डन अँड मॅकफेलने जाहीर केलं, की 2024 पासून दुसऱ्यांच्या भट्ट्यांतून नवी पिंपं भरायची नाहीत. आता त्यांच्या स्वतःच्या दोन भट्ट्या आहेत, बेनरोमाक आणि केर्न. सिंगल माल्टला मोल आल्यापासून भट्टीवाले आपला माल बाहेर द्यायला पूर्वीइतके राजी नसतात. काही जण तर पिंपात दुसऱ्या माल्टचा चमचाभर टाकूनच विकतात, म्हणजे घेणाऱ्याला सिंगल माल्ट हे शब्द लेबलवर छापता येऊ नयेत. एल्गिनची गोदामं मात्र अजून भरलेली आहेत. त्यांतली काही पिंपं उघडतील तेव्हा हा व्हिडिओ बनवणारे आम्ही नसू.

(पडद्यावर: पुन्हा टेबल. पहिला आणि तिसरा ग्लास रिकामा.)

दुसऱ्यात अजून दोन घोट आहेत. याला पाणी नको.