‘मॉन्स्टर हंटर’ अर्ध्यावर का सुटतो

आजच्या व्याख्यानासाठी मी कॅपकॉम या जपानी कंपनीची ‘मॉन्स्टर हंटर’ ही व्हिडिओ गेमची मालिका निवडली आहे. हिच्यात शिकारी होऊन अजस्र प्राण्यांची, म्हणजे मॉन्स्टरची, शिकार करायची असते. पहिला भाग मार्च २००४मध्ये जपानात प्लेस्टेशन २वर आला. जानेवारी २०१८मध्ये आलेला ‘वर्ल्ड’ हा भाग दोन कोटींहून अधिक प्रतींनी खपला. तरीही चांगले, सरावलेले खेळाडू ती पहिल्या आठ-दहा तासांत बाजूला ठेवतात. अशांना ‘तुम्हाला अवघड गेम झेपत नाहीत’ असं सुनावलं जातं. हे निदान मला साफ चुकीचं वाटतं. याहून कठीण गेम संपवलेले लोकही इथे अडकतात. गेम कुठल्या गोष्टीचं काय उत्तर देतो, हे त्यांना वेळेवर कळत नाही, अडचण तिथे आहे.

हत्यार चालवण्यापासून सुरुवात करू. बहुतेक ॲक्शन गेममध्ये बटण दाबलं की वार होतो आणि बेत बदलला तर तो मध्येच सोडताही येतो. इथे एकदा उचललेली ग्रेट स्वोर्ड, म्हणजे अवजड मोठी तलवार, खाली येईपर्यंत बहुतेक वेळा तुम्ही बांधलेले असता. खेळाडू याला ‘ॲनिमेशन लॉक’ म्हणतात. नवखा माणूस मॉन्स्टर समोर दिसला की वार सुरू करतो. वार पूर्ण होईपर्यंत मॉन्स्टर दुसरीकडे गेलेला असतो, वर त्याची शेपटी अंगावर बसते. ‘कंट्रोल जड आहेत’ ही तक्रार इथून येते आणि ती खरी आहे; ते मुद्दाम जड ठेवलेले आहेत. मॉन्स्टर आत्ता जिथे आहे तिथे वार करायचा नसतो, त्याचा हल्ला संपल्यावर तो जिथे थांबणार तिथे करायचा असतो. ग्रेट स्वोर्ड घेतली असेल तर पहिल्या काही शिकारींत एवढंच करावं: तलवार म्यानात ठेवून फिरायचं, मॉन्स्टरचा हल्ला संपला की तलवार उपसतच एक वार, लगेच बाजूला लोळण आणि तलवार परत म्यानात. तीन वारांची साखळी नंतर शिकावी.

औषधाचंही तसंच. २०१८च्या आधीच्या भागांत औषध प्यायला जागच्या जागी उभं राहावं लागायचं, आणि पिऊन झालं की शिकारी दंड फुगवून दाखवायचा. तेवढ्या वेळात पुढचा फटका बसून प्यायलेलं वाया जायचं. ‘वर्ल्ड’मध्ये चालता चालता पिता येतं, पण मध्येच लोळण घेतली तर उरलेली भरपाई मिळत नाही. शिवाय बहुतेक हत्यारं आधी म्यानात घालावी लागतात. स्वोर्ड अँड शील्ड, म्हणजे तलवार-ढालीची जोडी, हा याला अपवाद आहे: हत्यार हातात असतानाच वस्तू वापरता येते. सारखे औषधासाठी धावता धावता मरणाऱ्याने हे हत्यार एकदा तरी घेऊन पाहावं. हत्यारं १४ आहेत आणि त्यातली काही एकमेकींपासून इतकी वेगळी आहेत की हत्यार बदलणं म्हणजे जवळपास गेम बदलणं. पहिल्या हत्यारावरून साऱ्या मालिकेचा निकाल लावणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते.

आता सगळ्यात जास्त माणसं जिथे गळतात तो भाग, म्हणजे लपलेली माहिती. मॉन्स्टरच्या डोक्यावर आरोग्याची पट्टी नाही. तुमच्या पात्राला लेव्हल नाही, त्यामुळे ‘थोडं ताकदवान होऊन येतो’ हा नेहमीचा उपाय चालत नाही. ताकद येते ती मारलेल्या मॉन्स्टरच्या हाडाकातड्यापासून बनवलेल्या हत्यार-चिलखतातून. आणि एकाच वाराची किंमत दोन गोष्टींनी बदलते. पहिली, तो शरीराच्या कुठल्या भागावर बसला. दुसरी, हत्याराच्या धारेचा रंग; हत्यार वापरून बोथट होत जातं तसा तो बदलतो. ‘वर्ल्ड’मध्ये हिरवी धार १.०५ पट, पिवळी १ पट, केशरी ०.७५ पट आणि लाल ०.५ पट नुकसान करते. समजा, १०० ताकदीच्या वाराचा शरीराच्या एका भागावर ६० टक्के परिणाम होतो आणि दुसऱ्यावर २५ टक्के. हिरव्या धारेने पहिल्या भागावर ६३ मिळतात, केशरी धारेने दुसऱ्या भागावर १९सुद्धा नाहीत. मेहनत तेवढीच, फळ एक तृतीयांशाहून कमी. असा खेळाडू ४० मिनिटं झुंजतो, ५० मिनिटांची मुदत संपत येते आणि तो म्हणतो की मॉन्स्टरला उगाच भरमसाट आरोग्य दिलं आहे. त्याच्या जागी कुणीही हेच म्हणेल.

माहिती गेममध्ये असते, पण ती कुठे पाहायची हे नीट सांगितलेलं नसतं. ‘वर्ल्ड’मध्ये वारासोबत उमटणारा आकडा केशरी असेल तर कमजोर जागा सापडली, करडा असेल तर जागा बदला. तलवार खणकन आपटून परत आली तर त्या जागेसाठी धार कमी आहे: व्हेटस्टोनने धार लावा किंवा दुसरा भाग गाठा. चिखलात लोळणाऱ्या बॅरॉथचं डोकं कापणाऱ्या हत्यारांना दाद देत नाही, पुढचे पाय देतात. मॉन्स्टर लंगडायला लागला की शेवट जवळ आला. त्याच सुमारास छोट्या नकाशावर त्याच्या चिन्हाशी कवटी दिसते, म्हणजे तो पकडण्याजोगा झाला. मग शॉक ट्रॅप किंवा पिटफॉल ट्रॅपमध्ये अडकवून गुंगी आणणारे दोन ट्रँक बॉम्ब टाकले की शिकार तिथेच संपते, शेवटची दमछाक वाचते.

मित्रांसोबत खेळायला आलेल्यांचं दुखणं वेगळं. जपानात ही मालिका फोफावली ती पीएसपी या सोनीच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर, चार जण एकत्र बसून खेळण्यामुळे. २०१०चा ‘पोर्टेबल थर्ड’ तिथे ४५ लाखांहून अधिक खपला आणि पाश्चात्त्य बाजारात आलाच नाही. त्या काळातल्या गटासाठीच्या शिकारी चौघांच्या हिशेबाने बेतलेल्या असत. एकट्याने घेतली तरी मॉन्स्टर तेवढाच दणकट. शेजारी तीन मित्र नसलेल्याला तो गेम निर्दयच वाटणार. पीएसपीला उजवी स्टिक नव्हती, त्यामुळे डाव्या अंगठ्याने चालायचं आणि डावी तर्जनी वाकडी करून कॅमेरा फिरवायचा. हात दुखून गेम सोडणाऱ्यांना काय दोष द्यायचा? ‘वर्ल्ड’ने हे सोडवलं आणि नवी अडचण आणली. कथेच्या शिकारीत प्रत्येकाने आपापल्या गेममध्ये कथेचं दृश्य पाहिल्याशिवाय मित्राला आत घेता येत नाही. सुरुवातीला दोघे खेळले तरी मॉन्स्टरचं आरोग्य चौघांइतकं व्हायचं. दोघांसाठी वेगळा हिशेब २०१९च्या ‘आइसबोर्न’ या ‘वर्ल्ड’च्या विस्तारासोबत आला. शिवाय एका शिकारीत बेशुद्ध पडण्याच्या तीन संधी साऱ्या गटात मिळून असतात. एक नवखा तिन्ही खर्च करतो आणि पुढच्या वेळी येतच नाही.

मॉन्स्टरकडून क्वचितच मिळणाऱ्या वस्तूंबद्दल थोडक्यात. संधी २ टक्के असेल तर साधारण ३४ प्रयत्नांनंतरही ती वस्तू न मिळण्याची शक्यता निम्मी उरते, १०० प्रयत्नांनंतरही १३ टक्के. कथा संपवण्यासाठी या वस्तू लागत नाहीत, हे कुणी आधी सांगितलं तर पुष्कळ वैताग टळेल.

निर्मात्यांनी हे ओळखलं नाही असं नाही. २०२१च्या ‘राइज’मध्ये मॉन्स्टर सुरुवातीपासून नकाशावर दिसतात आणि पालाम्यूट नावाच्या कुत्र्यावर बसून तिथवर जाता येतं. फेब्रुवारी २०२५च्या ‘वाइल्ड्स’मध्ये फोकस मोडने वाराची दिशा धरता येते. पण सोपेपणाचीही किंमत असते. ‘आइसबोर्न’च्या काळात ‘वर्ल्ड’मध्ये डिफेंडर नावाची तगडी हत्यारं फुकट मिळू लागली. ती वापरली की सुरुवातीचे मॉन्स्टर चार-दोन मिनिटांत पडतात, आणि चुकीच्या जागी मारणाऱ्यालाही आपलं बरोबर चाललंय असं वाटतं. पुढे ‘आइसबोर्न’मध्ये आधार सुटतो आणि शिकण्याचे तास आधीच निघून गेलेले असतात. नव्याने खेळणाऱ्याने डिफेंडर हत्यारं पेटीतच राहू द्यावीत.

आणि काही जणांना हे सगळं करूनही ही मालिका आवडणार नाही. इथे नवा प्रदेश, नवी कथा यांपेक्षा तोच मॉन्स्टर पुन्हा मारणं हा मुख्य खेळ आहे. आपण कुठल्या गटात आहोत हे पाहायचं असेल तर ५० तास घालवू नका. ‘वर्ल्ड’मध्ये अंजनाथपर्यंत जा; तिथे पहिल्यांदा खरी कसोटी लागते. त्याला एकदा कसाही मारा, मग त्याच हत्याराने लगेच दुसऱ्यांदा मारा. दुसऱ्या वेळी त्याचा जबडा कधी येणार हे आधी कळलं आणि त्यात मजा आली, तर पुढे जा. तेच तेच करतोय असं वाटलं, तर गेम तिथेच बंद करा आणि तो वेळ दुसऱ्या गेमला द्या.