आवाज झाला म्हणून पाहिलं

नमस्कार श्रोतेहो.

सुरत-नागपूर महामार्ग आपल्या खान्देशातून जातो. जुना ६ नंबर, आता ५३. नवापूरपासून मुक्ताईनगरपर्यंत त्यावर कुठेही अपघात होऊ द्या, पाच मिनिटांत गर्दी जमते. पोलिसांची गाडी दिसली की तीच गर्दी पांगते. उरलेल्यांना विचारा, कोणी पाहिलं? "आम्ही तर आत्ताच आलो." आणि मागून कुणीतरी हळूच म्हणतं, "चाल भो, आपले काय करनं शे!"

मी वकील आहे, मोटार अपघाताचे दावे चालवतो. ही भीती मला नवी नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपणच म्हणतो. पण एका अपघाताची दोन प्रकरणं होतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. एक फौजदारी, चालकाला शिक्षा व्हावी म्हणून. तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दुसरं भरपाईचं, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढचं. तिथे एवढंच पाहतात की दोन बाजूंपैकी कोणती जास्त संभवनीय वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे सांगितलं आणि २०१९ मध्ये पुन्हा सांगितलं. त्या दुसऱ्या निकालात मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाची साक्ष घेतली नव्हती. तेवढ्यावरून दावा पडत नाही, असं न्यायालय म्हणालं.

मग साक्षीदार लागतो कशाला? कारण पंचनामा वाहनं कुठे पडली होती ते सांगतो, ती तिथे कशी आली ते सांगत नाही. ही फट विमा कंपनीचा वकील बरोबर हेरतो. जखमीचीही चूक होती, असं त्याने पटवलं की भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. एका मोटारसायकलवर तिघं बसले, एवढ्यावरून मात्र ती कापता येत नाही. तिघं बसल्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं, असा २०२० चा निकाल आहे.

एक दावा सांगतो. कापसाचा हंगाम, रात्रीची वेळ. कापसाने फुगलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला, म्हणजे अर्धी रस्त्यावरच, उभी. मागून मोटारसायकल आदळली, पोराचा पाय गेला. ट्रॅक्टरवाल्यांचं म्हणणं, उभ्या वाहनावर येऊन धडकला, आमचा दोष काय?

आमच्याकडे साक्षीदार दोन. पहिला पोराचा नातेवाईक. त्याच्या प्रतिज्ञापत्रात सगळं छापल्यासारखं होतं: भरधाव वेग, हयगय, अविचार. श्रोतेहो, हे शब्द आपल्याकडच्या फिर्यादींत इतके येतात की न्यायाधीशांचे डोळे त्यांवरून घसरून जातात. शेतात राबणारा माणूस घरी कधी 'हयगयीने' म्हणतो का? आणि ट्रॉली तर उभी होती, तिला भरधाव वेग कुठला! उलटतपासणीत विचारलं, तुम्ही किती लांब होता? दोनशे मीटर. उजेड होता? नाही. मग दिसलं कसं? तो माझ्याकडे पाहू लागला. मी कागदांकडे. ते प्रतिज्ञापत्र माझ्याच टेबलावर तयार झालं होतं, चूक माझीच.

दुसरा फाट्यावरचा चहाटपरीवाला. त्याने सुरुवातीलाच सांगितलं, "धडक मी पाहिली नाही. आवाज झाला म्हणून पाहिलं." माझ्या पक्षकाराचे लोक हिरमुसले. पण तो पुढे बोलला. ट्रॅक्टर दोन तासांपासून तिथेच होता, कारण चालकाने त्याच्याकडेच दोनदा चहा घेतला होता. मागचा दिवा कापसाखाली झाकलेला होता. मागे दगड नाही, फांदी नाही, काही नाही. "मी त्याला म्हटलंही होतं, बाजूला घे." समोरच्या वकिलांनी त्याला वेग विचारला, ब्रेकच्या खुणा विचारल्या. प्रत्येक वेळी एकच उत्तर: "ते नाही माहीत." जेवढं माहीत नव्हतं तेवढं त्याने सोडून दिलं, म्हणून उरलेलं हलवता आलं नाही. वाहन धोका होईल असं उभं करायचं नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ मध्येच आहे. दोषाचा मोठा वाटा ट्रॅक्टरवर गेला. ज्याने धडक पाहिलीच नव्हती, त्याच्या साक्षीवर.

म्हणून अपघात दिसला तर आधी जखमी माणूस पाहा. मग, जमलं तर, गाड्या हलवण्याआधी मोबाईलवर एक फोटो. गाडीचा नंबर, कोण कुठून येत होतं, दिवे लागले होते का, हे त्याच रात्री वहीत उतरवून ठेवा. साक्षीला बोलावणं येईपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जातात, आणि तोवर आपण पाहिलेलं आणि टपरीवर ऐकलेलं एकमेकांत मिसळतं. प्रतिज्ञापत्र मात्र वाचल्याशिवाय सही करू नका, वकील कितीही घाईत असो.

पोलिसांच्या त्रासाची भीती असेल तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ लक्षात ठेवा. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. स्वखुशीने साक्षीदार झालात, तर तुमच्या सोयीच्या जागी, घरी किंवा दुकानावरही, जबाब घेतात. जखमीला दवाखान्यात नेलं, पण फिर्याद स्वतः दिली नाही, एवढ्यावरून साक्षीदार खोटा ठरत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे.

दोन गोष्टी आणखी. धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळण्याची वेगळी सोय आहे. आणि दावा सहा महिन्यांत करावा असं कायदा म्हणतो, तेव्हा दशक्रिया, प्लास्टर, उसनवारी यांत दिवस निघून जाऊ देऊ नका.

त्या टपरीवाल्याची साक्ष पाऊण तासात आटोपली. बाहेर आल्यावर त्याने एकच विचारलं, "साहेब, साडेबाराची पारोळा गाडी सापडेल ना?" सापडली.

नमस्कार.